खोडाळ्याच्या अंगणातली होडी

दसऱ्याच्या सुटीत कुठे जाणार, असे प्राध्यापकांच्या खोलीत कुणीतरी विचारले आणि मी सहज सांगून गेलो, "खोडाळ्याला. होडी पाहायला." भूगोल शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "खोडाळा म्हणजे मोखाड्याजवळचा ना?" त्यांनी खात्री करून घेतली. "हो, तोच." "आणि होडी?" एवढ्यात घंटा झाली. ते बरेच झाले, कारण माझ्यापाशीही धड उत्तर नव्हते.

खरे उत्तर आमच्या दादांपाशी होते. दादा म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले बंधू. तिच्याहून सोळा वर्षांनी मोठे, त्यामुळे भावापेक्षा वडीलच अधिक. व्यापारी जहाजांवर इंजिनियर म्हणून उभा जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर खोडाळ्याला एका ओळखीच्या शिक्षकांचे कौलारू घर भाड्याने घेऊन राहिले. जन्मभर पाणी पाहिले, आता माती पाहतो, असे ते म्हणत. आम्ही सर्वांनी त्यावर विश्वास ठेवला, ही आमची चूक. दोन वर्षांतच त्यांनी दोघा जुन्या सोबत्यांबरोबर भागीत एक शिडाची नौका घेतली. ती मुंबईच्या बंदरात नांगरलेली असते. लांबी एकतीस फूट, वय आमच्या लग्नाएवढे. नाताळच्या सुटीत ही नौका घेऊन मुंबईहून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचे, असा बेत ठरला. एका भागीदाराने कामाची सबब सांगितली, दुसऱ्याचे गुडघे दुखतात. तेव्हा दादांची नजर आमच्या चिरंजीवांवर गेली. तो एकोणीस वर्षांचा, पोहण्यात तरबेज आणि मामांचा लाडका.

घरात जे व्हायचे ते झाले. आमच्या घराण्यात समुद्राचे नाव निघाले की 'रामदास' बोट आठवते. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे निघालेली ती बोट सहाशेंहून अधिक माणसे घेऊन बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून वाचतील तेवढे जीव वाचवले. ही हकिकत माझ्या आजीने इतक्या वेळा सांगितली होती, की लग्नानंतर ती पत्नीलाही पाठ झाली. "मोठी बोट बुडाली तरी छोटी होडी तारते," हा तिने काढलेला अर्थ. म्हणून तिचा हुकूम असा, की दादा खोडाळ्याला जी छोटी होडी बांधत आहेत ती मी स्वतः जाऊन पाहावी, आणि ती नौकेबरोबर नीट नेणार असतील तरच मुलाला पाठवायला होकार द्यावा. मराठीच्या अध्यापकाने होडीची परीक्षा घ्यायची! पण संसारात याहून अवघड पेपर तपासावे लागतात.

कसाऱ्याला लोकलमधून उतरून जीप धरली. विहीगावच्या पुढे रस्ता उतरत उतरत मध्य वैतरणेच्या जलाशयावरील उंच पुलावर येतो आणि गाडीतली बोलणी आपोआप थांबतात. खाली हिरवे, गडद, न हलणारे पाणी. २०१४ साली पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी मुंबईच्या नळांना येते. माझ्या घरच्या नळालाही येतच असेल. याच मोखाडा तालुक्यातील पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पुलावर उभे राहून याबद्दल काही बोलणे मुंबईकराला शोभत नाही. दसऱ्याचे दिवस असल्याने डोंगरउतारांवर खुरासणी पिवळीधमक फुलली होती. नाचणी-वरई कापणीला आली होती. त्र्यंबकच्या डोंगरात उगवलेली ही वैतरणा अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. म्हणजे नदीला विचारले तर खोडाळ्याहून समुद्राची वाट सरळ आहे, मध्ये काय ती दोन धरणे!

दादांच्या अंगणात पाऊल टाकले आणि मी थबकलो. सारवलेल्या जमिनीवर चुन्याच्या रेघांनी एक भली मोठी आकृती काढली होती. एका टोकाला निमुळती, मध्ये फुगलेली. "जावईबुवा, चपला काढा," दादा ओसरीवरून ओरडले, "डेकवर चढताय!" नौका मुंबईत, म्हणून तिचा पुरा एकतीस फुटी नकाशा त्यांनी अंगणात उतरवला होता. डोलकाठीच्या जागी आंब्याचे झाड. ते नेमके तिथे आले नाही, तेव्हा त्यांनी नौका झाडाला जुळेल अशी काढली. पिछाडीला सुकाणू म्हणून एक कुदळ रोवली होती. आणि तुळशीवृंदावनापाशी पालथी पडली होती ती, पांढऱ्या रंगाची, आठ फूट लांब, चार फूट रुंद होडी.

इंग्रज हिला 'डिंगी' म्हणतात. शब्द आपलाच. हिंदी-बंगालीतली डिंगी त्यांनी नेली आणि जगभर फिरवून आणली. संस्कृतात द्रोणी म्हणजे लाकडाचे कुंड आणि होडीही. आपली डोण तिचीच लेक आणि खोडाळ्याच्या बाया पळसाच्या पानांचे लावतात तो द्रोण तिच्याच कुळातला. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. दादांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "छान. आता तिकडून धरा."

होडी सागरी प्लायवूडची. फळ्या तांब्याच्या तारेने टाचून सांध्यांत राळेचा लेप भरलेला. दादांना मदत गावातल्या एका म्हाताऱ्या सुतारबाबांची. त्यांनी आयुष्यात नांगर, खाटा, चौकटी आणि गाडीचे धाव घडवले. समुद्र एकदाच, तोही मुंबईला मोर्चासाठी गेले असताना गर्दीतून पाहिलेला. पण लाकडाला कुठे बाक द्यायचा हे त्यांना सांगावे लागले नाही. वाण्याच्या काट्यावर होडीचे वजन अडतीस किलो भरले. वाण्याने ते वहीत लिहून ठेवले, कशासाठी कोण जाणे.

या होडीचे काम काय? मला वाटत होते, जीव वाचवण्याचे. दादांनी पहिल्याच संध्याकाळी ती समजूत काढून टाकली. कोकणात बहुतेक ठिकाणी शिडाची नौका धक्क्याला लागत नाही. दिघी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्यांत खोल पाण्यात नांगर टाकायचा आणि या होडीतून वल्हवत किनारा गाठायचा. पाणी, भाजी, रॉकेल, आजारी माणूस, सारे हिच्यातून. रामाच्या कथेत नावाड्याला जे स्थान, तेच हिला. तिच्यावाचून नौका म्हणजे दार नसलेले घर. संकटासाठी हवा भरून फुगणारा तराफा वेगळा असतो. डब्यात मिटलेला, दोरी ओढली की उघडणारा. तो दादा भाड्याने घेणार होते.

"आणि जावईबुवा, सगळ्यात चांगली तारणारी होडी म्हणजे मोठी नौकाच. पायाखालून जाईपर्यंत तिला सोडायचं नसतं." त्यांनी १९७९ सालच्या फास्टनेट शर्यतीची गोष्ट सांगितली. वादळात पंधरा खलाशी गेले. चोवीस नौका माणसांनी सोडून दिल्या. त्यांतल्या बुडाल्या फक्त पाच. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या.

मग प्रश्न उरला तो हाच, की ही आठ फुटी होडी एकतीस फुटी नौकेवरून न्यायची कशी? मला हा प्रश्न पुस्तक कुठल्या कप्प्यात ठेवावे इतका किरकोळ वाटला होता. दोन रात्री त्यावर वाद चालला.

सर्वांत सोपे म्हणजे दोराने मागे बांधून ओढत नेणे. आपले मचवेवाले असे नेताना दिसतात. दादांचाही मुळात तोच विचार होता. खर्च नाही, डेक मोकळा, आणि शिवाय, हे ते बोलले नाहीत पण मी ताडले, स्वतः बांधलेली पांढरी होडी मागून डौलात येताना सर्वांना दिसते. या बेतावर पाणी ओतले ते सुतारबाबांनी. ते पायरीवर बसून विडी ओढत होते. दादांनी चुन्याच्या नौकेमागे होडी दोराने बांधून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "सायेब, गाडीमागं वासरू बांधलं तर चढाला वढ देतंय, आन् उताराला चाकात येतंय."

दादा काही वेळ बोलले नाहीत. मग हसले. "जन्मभर पुस्तकांतून हेच वाचलं, पण इतकं नीट कुणी सांगितलं नाही." मुंबईहून मालवणला जायचे तर दक्षिणेकडे जायचे. हिवाळ्यात दुपारचा वारा वायव्येकडून येतो. म्हणजे वारा आणि लाट दोन्ही पाठीवर, सारा प्रवास उताराचा. लाटेवरून घसरत आलेली होडी पिछाडीवर धडकते, नाही तर लाटेने भरून एखाद्या विहिरीसारखी जड होते आणि दोर तोडून जाते. दोर ढिला पडला तर पंख्यात गुंततो. खाडीच्या शांत पाण्यात या मुक्कामावरून त्या मुक्कामाला न्यायला ठीक, उघड्या समुद्रात नाही. मला मात्र त्या वासराने दुसरीकडेच नेले. वैतरणी ओलांडताना गाईचे शेपूट धरायचे असते म्हणतात. इथे गाईनेच वासरू धरले होते.

दुसरा मार्ग, पिछाडीला दोन वाकडे लोखंडी हात बसवून त्यांवर होडी टांगायची. श्रीमंती थाट. कप्पी ओढली की होडी वर, सोडली की खाली. एकट्या माणसाला जमते, हा मोठा गुण. पण पाठीवरून येणारी लाट टांगलेल्या होडीत शिरते, आणि होडीभर पाणी म्हणजे काही क्विंटल ओझे त्या दोन हातांवर. छोट्या नौकेची पिछाडी आधीच दबते. चिरंजीवांनी कुदळीमागे दोन खाटा उभ्या करून त्यांवर होडी अडकवून पाहिली. एक खाट मोडली. सुतारबाबांनी ती निमूटपणे कामाच्या यादीत धरली.

तिसरा मार्ग रबरी होडीचा. घडी घालून पोटात ठेवायची, लागेल तेव्हा फुगवायची. शेजारच्या एका सद्गृहस्थांकडून मागून आणलेली तशी होडी अंगणात पसरून पायाच्या पंपाने चिरंजीवांनी फुगवली. चौदा मिनिटे लागली आणि तो घामाघूम झाला. ते पाहायला शाळेची निम्मी मुले कुंपणापाशी गोळा झाली होती. रबरी होडी वाईट असते असे मुळीच नाही. २०१८ च्या सप्टेंबरात अभिलाष टॉमी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत होते. दक्षिण हिंदी महासागरात त्यांच्या 'थुरिया'ची डोलकाठी मोडली आणि ते पाठीच्या दुखण्याने जागचे हलू शकेनात. 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना गाठले, तेव्हा शेवटचे अंतर पार करून त्यांच्यापर्यंत पोहोचली ती रबरी होडीच. पण ती जहाजावरून तयार उतरवलेली, पेटीत मिटलेली नव्हे.

समुद्रापासून इतक्या दूर बसून हे बोलणे विचित्र वाटत होते, तसे मी म्हणालोही. दादा म्हणाले, "ॲडमिरल आवटी कुठे राहायचे ठाऊक आहे? फलटणजवळ, विंचुर्णीला." खरेच की! भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीला वळसा घालावा ही 'सागर परिक्रमे'ची कल्पना ज्यांची, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी मुलखात राहिले आणि २०१८ साली वारले. गोव्याला बांधलेल्या 'म्हादेई'तून कमांडर दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात परतले, त्याचे बी त्या माळावर जपलेले. खोडाळ्याला निदान पाऊस तरी पडतो.

उरला चौथा मार्ग. डोलकाठीच्या पुढे, डेकवर, पालथी घालून करकचून बांधायची. लाटेला धरायला काही नाही, वाऱ्याला शिरायला जागा नाही, होडी नौकेचाच एक भाग होते. तोटेही आहेत. सुकाणूवाल्याला पुढचे दिसत नाही, आणि कोकणच्या समुद्रात रात्री जाळ्यांच्या बोयऱ्यांसाठी डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. नांगराशी जायला अरुंद वाट उरते. पण दादांनी एक गोष्ट सांगितली, आणि माझे मन तिथेच बसले. १९७२ साली रॉबर्टसन नावाच्या इंग्रज कुटुंबाची नौका गालापागोस बेटांच्या पश्चिमेला हिंस्र देवमाशांनी फोडली. ती काही मिनिटांत गेली. सहा माणसे, त्यांत दोन जुळी मुले. तराफा सतरा दिवसांत निकामी झाला. मग डेकवरून सुटलेल्या नऊ फुटी होडीत ती सहा माणसे बसली आणि एकूण अडतिसाव्या दिवशी एका जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचलले. म्हणजे माझ्या पत्नीचा सिद्धान्त अगदीच टाकाऊ नव्हता. पण होडी त्या घटकेला नौकेवर असली पाहिजे आणि तिची गाठ सुटली पाहिजे.

दुसऱ्या रात्री दोन वाजता शिट्टी वाजली. मी दचकून उठलो. दादांनी दिवे घालवले होते. "बुडतोय!" ते अंधारातून ओरडले, "होडी काढा!" चिरंजीव धोतराच्या घोंगडीतून उठून धावला. त्याने दोर सोडले, आंब्याच्या फांदीवरच्या कप्पीतून दोर ओढून होडी उचलली. दादांनी ती झुलू नये म्हणून काठ धरला, उलटवली, चुन्याच्या रेघेपलीकडे उतरवली. चार मिनिटे. शेजारचे कुत्रे मात्र तासभर गप्प झाले नाही.

मग दादा म्हणाले, "आता मी एकटा." हे त्यांनी का म्हणावे, ते मला तेव्हा कळले नाही. बॅटरीच्या उजेडात मी पाहत होतो. त्यांनी गाठी झटक्यात सोडल्या. दोर ओढला, होडी जमिनीवरून उठली आणि झुलू लागली. एका हाताने दोर धरावा तर होडी आवरेना, होडी धरावी तर दोर सुटे. जमीन स्थिर होती, तरी ही दशा. तिसऱ्या हेलकाव्याला होडीचा काठ त्यांच्या डाव्या खांद्यावर बसला आणि ते चिखलात खाली बसले. मी धावलो. "काही नाही," ते म्हणाले. मग खांदा चोळत हळूच म्हणाले, "हिला सांगू नका."

ही म्हणजे त्यांची बहीण. ओसरीवर आम्ही तिघे चहा पीत बसलो. कुणी बोलत नव्हते. मला आता सारे स्पष्ट दिसत होते. होडी न्यायची सर्वांत भरवशाची रीत ही, आणि तिला दोन धडधाकट माणसे लागतात. मुलगा गेला नाही तर दादा जायचे थांबणार नव्हते. ते होडी पिछाडीला टांगतील, किंवा वासरासारखी मागे बांधतील, आणि गुडघे धरलेल्या मित्राबरोबर निघतील. मला पाठवलेले होते होडी पाहून मुलाचे ठरवायला. इथे मुलाशिवाय होडीचेच ठरत नव्हते. दादांनी एका शब्दाने आग्रह केला नाही. तो त्यांनी केला असता तर मला नकार देणे किती सोपे गेले असते!

सकाळी सुतारबाबा होडीखालची बैठक, म्हणजे डेकवर तिला अडकवून ठेवणारे लाकडी खाचे, बसवायला आले. मी त्यांना सहज विचारले, "तुमची मुलं काय करतात?" "दिवाळी झाली का जात्यात भट्टीवर. भिवंडीकडं." वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे मी मुंबई-नाशिक रस्त्यावर पाहिली आहेत, हंडे, घोंगड्या, कोंबड्या, लेकरे, सगळा संसार डोक्यावर आणि काखेत. "काळजी वाटत असेल," मी म्हणालो. रंधा थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "वाटती की," ते म्हणाले आणि पुन्हा रंधा मारू लागले.

टेकडीवर चढले की मोबाइलला तार सापडते, असे सांगितले होते. मी चढलो. पत्नीला सांगितले, की होडी चांगली आहे, डेकवर पालथी बांधून नेणार आहेत, तराफा वेगळा आहे, कमरेचे पट्टे आणि जाकिटे आहेत, प्रवास डिसेंबरात आहे, २०१९ च्या ऐन दिवाळीत 'क्यार' वादळ आले तसले दिवस तोवर टळलेले असतील, आणि रात्रीचा प्रवास दोनच टप्प्यांत आहे. तिने सगळे ऐकून घेतले. "आणि दादा कसा आहे?" तिने विचारले. मी म्हणालो, "खांदा जरा दुखतोय." पलीकडे काही क्षण काहीच ऐकू आले नाही. मला वाटले, तार तुटली. मग ती म्हणाली, "म्हणजे याला जावंच लागणार."

परतताना होडीही आमच्याबरोबर निघाली. टेम्पोच्या टपावर ती पालथी घातली, अगदी डेकवर घालायची तशी, सुतारबाबांच्या खाचांवर. बांधायचे काम दादांनी भाच्यावर सोपवले आणि स्वतः मुद्दाम पाठ फिरवून पान जुळवत बसले. खोडाळ्याच्या नाक्यावर आमची मिरवणूकच झाली. एकाने विचारले, "शेठ, हा हौद केवढ्याला?"

वैतरणेच्या पुलावर दादांनी टेम्पो थांबवायला सांगितले. सगळे उतरून कठड्यापाशी गेले. मी टेम्पोमागेच राहिलो. कुणी पाहत नाहीसे बघून पायरीवर चढलो आणि दोराच्या गाठीला हात घातला.

"बाबा," चिरंजीव मागून म्हणाला, "तो मोकळा शेपटा ओढू नका. तेवढा ओढला की सगळं सुटतं. मुद्दामच तशी मारलीय."

मी हात मागे घेतला.